लायब्ररी शिकायची? आधी टेस्ट लिहा

नवीन लायब्ररी हातात पडली की आपण काय करतो? पूर्वी अप्पा बळवंत चौकातून जाडजूड पुस्तक आणायचो, आता दीडपट स्पीडने व्हिडिओ बघतो. 'समजलं' म्हणून मान डोलावतो आणि सोमवारी थेट प्रोजेक्टच्या कोडमध्ये घुसतो. माझं मत विचाराल तर हे शिकणं नव्हे, ही नुसती तोंडओळख.

त्यापेक्षा एक रिकामं प्रोजेक्ट उघडा, त्यात जेयुनिट टाका आणि लायब्ररी कशी वागेल याबद्दलचा आपला अंदाज टेस्ट म्हणून लिहा. आयडिया माझी नाही. केंट बेकने २००२ च्या टीडीडीवरच्या पुस्तकात याला 'लर्निंग टेस्ट' म्हटलंय.

आता आपल्याकडचंच उदाहरण घ्या. बिलावर रक्कम लाख-कोटीत दाखवायची आहे. जावाच्या डेसिमलफॉरमॅटला पॅटर्न देताना स्वल्पविराम आपल्या पद्धतीने टाकले, शेवटचे तीन आकडे आणि मग दोन-दोन. टेस्टमध्ये अपेक्षा लिहिली १,२३,४५,६७८. रन केलं की लाल! उत्तर येतं १२,३४५,६७८. एरर नाही, वॉर्निंग नाही. कारण हा क्लास फक्त शेवटच्या स्वल्पविरामापासूनचं अंतर बघतो, आधीचे स्वल्पविराम चक्क सोडून देतो. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे बरं का, पण ते वाक्य कोण लक्षात ठेवतो? तीच टेस्ट आयसीयू लायब्ररीवर चालवा, हिरवी होते. दहा मिनिटांत कुठली लायब्ररी घ्यायची तेही ठरलं.

अजून एक गंमत. 'पुणे' या शब्दाची लांबी किती? तुम्ही-आम्ही म्हणू दोन अक्षरं. जावाची लेंग्थ म्हणते चार, कारण उकार आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. 'महाराष्ट्र' तर दहा! मराठी एसएमएस पाठवणाऱ्या सिस्टिममध्ये हे माहीत नसेल तर पंचाईत, कारण तिथे एका मेसेजची मर्यादा इंग्रजीसारखी १६० नसून ७० आहे, आणि मोजणी अशी कोडची होते, डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नाही.

काही जण म्हणतील, हल्ली एआय असिस्टंट सगळं लिहून देतो, मग हा उद्योग कशाला? अहो, म्हणूनच तर! त्याचा कोड दिसायला नेहमीच सुबक असतो. तो खरा की खोटा हे टेस्टच सांगणार.

आणि या टेस्ट फेकून देऊ नका. मार्च २०२३ मध्ये जेडीके २० आलं, तेव्हा अमेरिकन इंग्रजीत वेळ छापताना 'पीएम'च्या आधीची साधी स्पेस जाऊन तिथे न तुटणारी अरुंद स्पेस आली. डोळ्यांना फरक कळत नाही, पण ती वेळ परत वाचणारे प्रोग्रॅम अडखळले. ज्यांनी अशी एक छोटी टेस्ट जपून ठेवली होती, त्यांना अपग्रेडच्या दिवशीच कळलं. बाकीच्यांना कस्टमरने कळवलं असणार.

अर्थात प्रत्येक मेथडची टेस्ट लिहीत बसू नका, वीकेंड संपेल. जे आपण वापरणार तेवढंच.

राहता राहिला मॅनेजर. या दोन तासांचं टाइमशीटमध्ये काय लिहायचं? सरळ 'टेस्टिंग' लिहा. खोटं थोडंच आहे ते!