दाभोळचा दावा, लंडनचा लवाद

वाशिष्ठी नदी अरबी समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तर तीरावर दाभोळ हे जुने बंदर आहे. बहामनी आणि आदिलशाही अमदानीत येथून दूरदेशी व्यापार चाले. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आरमाराने हे बंदर लुटले आणि जाळले. त्यानंतर जवळजवळ पाच शतकांनी दाभोळचे नाव पुन्हा जगभर गेले. खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात एन्रॉनचा वीजप्रकल्प उभा राहिला आणि कंपनीने नाव घेतले दाभोळचे. आज आंतरराष्ट्रीय कायद्याचे विद्यार्थी गुंतवणूकदार आणि शासन यांच्यातील संघर्षाचे उदाहरण म्हणून दाभोळचा अभ्यास करतात. मात्र ज्या वादामुळे हे नाव ग्रंथांत गेले, त्याचा निवाडा दाभोळात, गुहागरात किंवा रत्नागिरीत व्हावयाचा नाही, हे पहिली कुदळ पडण्यापूर्वीच ठरून गेले होते. ते कोणी ठरविले आणि कसे, याचा विचार आजही अगत्याचा आहे.

२० जून १९९२ रोजी एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात प्राथमिक समझोता झाला. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्ये अर्थसाहाय्य नाकारले. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी दाभोळ वीज कंपनी आणि मंडळ यांच्यात वीजखरेदी करार झाला. या कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के, तर जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के होता. १९९४ मध्ये राज्य शासनाने मंडळाच्या देण्याची हमी दिली आणि त्याच वर्षी केंद्र शासनाने त्या हमीवर प्रतिहमी दिली.

विजेचा दर, डॉलरशी जोडलेली देणी, वीज उचलो न उचलो भरावयाचा स्थिर आकार, यांवर महाराष्ट्रात पुष्कळ चर्चा झाली आणि ती योग्यच होती. त्या मानाने करारनाम्याच्या शेवटच्या पानांकडे थोड्यांचेच लक्ष गेले. कराराला इंग्लंडचा कायदा लागू राहील, वाद लंडनमध्ये लवादापुढे चालेल, आणि सार्वभौम सत्ता म्हणून मिळणाऱ्या संरक्षणाचा दावा मंडळ करणार नाही, अशी कलमे तेथे होती. दराची कलमे लोकांच्या खिशाला हात घालतात. ही कलमे लोकांच्या हातातील सत्ताच दुसरीकडे नेऊन ठेवतात. आंतरराष्ट्रीय वकिलाचे खरे सामर्थ्य न्यायालयातील वक्तृत्वात शोधू नये. ते मसुदा लिहिणाऱ्या लेखणीत असते. उद्या निवडणुकीत सत्तापालट होईल, विधिमंडळाचे मत बदलेल, नियामक संस्था नवा निर्णय देईल, या सर्व शक्यता गृहीत धरून तो आजच अशी तजवीज करतो की त्यांपैकी कशाचाही त्याच्या अशिलाला उपद्रव होऊ नये.

या तजविजीचा प्रत्यय लवकरच आला. मार्च १९९५ मध्ये महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी तिने प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. कंपनीने तत्काळ लंडनच्या लवादाकडे धाव घेतली. राज्य शासनाने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला आणि करार फसवणुकीने व चुकीची माहिती देऊन मिळविला गेल्याने तो मुळातच अवैध आहे, अशी बाजू मांडली. एवढा गंभीर आरोप करणाऱ्या शासनाने तो शेवटास नेणे हे त्याचे कर्तव्य होते. पण काही महिन्यांतच त्याच शासनाने त्याच कंपनीशी पुन्हा बोलणी केली आणि १९९६ मध्ये मोठ्या आकाराचा प्रकल्प स्वीकारला. केंद्रातील तेरा दिवसांच्या सरकारने मे १९९६ मध्ये प्रतिहमीलाही मान्यता दिली. लंडनमधील टांगत्या तलवारीने या कोलांटीला हातभार लावला, हे खरे. पण ती तलवार मोडण्याचा निर्धार राज्यकर्त्यांत नव्हता, हेही तितकेच खरे. परकीय वकिलाला दोष देऊन देशी राज्यकर्त्याला मोकळे सोडणे हा आत्मवंचनेचा प्रकार होईल.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. २०००-०१ मध्ये काही महिन्यांत या विजेचा दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला आणि मंडळाची देणी थकली. २००१ च्या फेब्रुवारीत कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटविण्याची मागणी केली. मे महिन्यात मंडळाने करार रद्दबातल ठरविला आणि प्रकल्प बंद पडला. त्याच महिन्यात मंडळ महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे गेले आणि आयोगाने लवादाच्या कार्यवाहीस मनाई केली. हा आयोग कायद्याने स्थापन झालेला होता आणि विजेचा दर ठरविणे हे त्याचे कामच होते. पण आंतरराष्ट्रीय वकिलांच्या दृष्टीने लवादाला दिलेली ही मनाई हाच भारताविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा ठरला.

यानंतर जे घडले ते प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे. अमेरिकी कंपन्यांनी आपल्या गुंतवणुकीचा विमा अमेरिकी शासनाच्याच एका महामंडळाकडे उतरविला होता. विम्याच्या रकमेचा वाद अमेरिकेतील लवादापुढे गेला. त्या लवादात भारत पक्षकार नव्हता. तरीसुद्धा सप्टेंबर २००३ च्या निवाड्यात भारतातील शासन, मंडळ, नियामक आयोग आणि न्यायालये यांच्या कृतींचा एकत्रित परिणाम गुंतवणूक हिरावून घेण्यात झाला, असा निष्कर्ष काढण्यात आला. ज्याला बोलावलेच नाही त्याच्या वर्तनावर ठपका! पुढे २००४ मध्ये अमेरिकी शासनाने भारताविरुद्ध स्वतंत्र लवादाची मागणी केली, ती याच मालिकेतील पुढची कडी होती.

दुसरी वाट मॉरिशसमधून गेली. भारत आणि मॉरिशस यांच्यात १९९८ मध्ये गुंतवणूक संरक्षणाचा द्विपक्षीय करार झाला होता. कंपन्यांची मुख्यालये अमेरिकेत, प्रकल्प कोकणात. पण भांडवल मॉरिशसमध्ये नोंदलेल्या उपकंपन्यांमार्फत आल्यामुळे त्या कराराचे कवच त्यांना मिळाले. कर्ज देणाऱ्या युरोपीय बँकांनीही आपापल्या देशांचे भारताशी झालेले करार पुढे केले. एका प्रकल्पावर अनेक देशांच्या तहांचे अनेक दावे, हे जाळे एखाद्या राजदूताने विणलेले नव्हते. ते वकिलांच्या कचेऱ्यांत विणले गेले. एन्रॉन डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण हे जाळे अबाधित राहिले. अखेर जुलै २००५ मध्ये समझोते झाले. त्यात जनरल इलेक्ट्रिकला सुमारे १४.५ कोटी डॉलर आणि बेक्टेलला सुमारे १६ कोटी डॉलर मिळाले. प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या सार्वजनिक कंपनीकडे आला.

या व्यवसायाची निष्ठा कोणाशी असते, याचे एक बोलके उदाहरण याच प्रकरणात आहे. दाभोळच्या लवादात २००४ मध्ये भारताची बाजू मांडण्यासाठी लंडनचे खावर कुरेशी यांची नेमणूक झाली होती. तेच वकील पुढे कुलभूषण जाधव प्रकरणात हेगच्या न्यायालयात पाकिस्तानच्या वतीने उभे राहिले. यात व्यावसायिक नीतीचा भंग काहीही नाही. वकील अशिलाचा असतो, देशाचा नव्हे. म्हणूनच देशाचे हित त्याच्या हाती सोपवून निर्धास्त राहता येत नाही. गुंतवणुकीच्या लवादात तर आज वकील म्हणून उभा राहणारा मनुष्य उद्या दुसऱ्या प्रकरणात निवाडा करणाऱ्याच्या खुर्चीत बसू शकतो. निवाडा करणारे बहुधा पक्षकारांनीच निवडलेले असतात आणि सुनावणी बहुधा बंद दाराआड चालते. ज्या जनतेच्या तिजोरीतून पैसा जावयाचा, तिला तेथे बसण्यास जागा नसते.

याचा अर्थ आंतरराष्ट्रीय कायदाच त्याज्य आहे, असा मात्र कोणी करू नये. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केल्यावर पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि दमणहून तेथे जाण्यासाठी भारतीय भूमीवरून मार्ग मागितला. भारताचे ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी देशाची बाजू लढविली. सोबतीला परदेशी कायदेपंडितही होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने नागरिकांना आणि मालाला मार्गाचा हक्क होता असे मानले, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा निर्णय दिला. गोव्याच्या सत्याग्रहात लाठ्या-गोळ्या झेलणाऱ्यांच्या पिढीला या निकालाचे मोल ठाऊक होते. तेथे न्यायासन स्थायी होते, युक्तिवाद उघड होता, निकाल जगापुढे होता आणि वकिलामागे एका जागृत राष्ट्राचे बळ होते. वकील तेव्हाही परदेशी होते. लंडनच्या लवादात ही उघड चव्हाट्यावरची छाननी नव्हती, आणि करारावर सही करणाऱ्या राज्यकर्त्यांत ती जागृतीही नव्हती.

गुंतवणूकदाराला दिलेला शब्द शासनाने पाळला पाहिजे, अन्यथा कोणी भांडवल आणणार नाही, असा युक्तिवाद केला जातो. शब्द पाळला पाहिजे, हे समाजवाद्यांनाही मान्य आहे. पण शासनाने शब्द केवळ गुंतवणूकदाराला दिलेला नसतो. तो मच्छीमारालाही दिलेला असतो. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस शिरले आणि त्यांनी स्त्रियांना घराबाहेर ओढून मारहाण केली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्युमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये या दडपशाहीवर अहवाल प्रसिद्ध केले. मृणाल गोरे, मेधा पाटकर यांच्यासारखे नेते आंदोलकांच्या पाठीशी उभे होते. पण वेलदूरच्या स्त्रीसाठी लंडनमध्ये लवाद नव्हता, मॉरिशसमध्ये कवच नव्हते आणि विमाही नव्हता. कराराला आव्हान देणारी सिटू या कामगार संघटनेची याचिका १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेली, फेटाळली गेली आणि सर्वोच्च न्यायालयात पोचली. तेथे राज्य शासनाच्या भूमिकेपुरता प्रश्न शिल्लक राहिला आणि फार काळ लोटला म्हणून एप्रिल २०१९ मध्ये प्रकरण बंद झाले. भांडवलाचा दावा चार वर्षांत डॉलरमध्ये मिटला. जनतेची तक्रार बावीस वर्षांनी निकालाविना मिटविण्यात आली. आंतरराष्ट्रीय वकिलांचा प्रभाव म्हणजे काय, याचे मोजमाप या दोन तारखांच्या अंतरात आहे.

हा इतिहास झाला म्हणून सोडून देता येत नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हाइट इंडस्ट्रीज या कंपनीकडून लवादात हार पत्करल्यावर भारताला जाग आली. २०१५ च्या अखेरीस नवा नमुना-करार तयार झाला. परकीय गुंतवणूकदाराने लवादाकडे जाण्यापूर्वी पाच वर्षे भारतीय न्यायालयांत दाद मागावी, अशी अट त्यात घालण्यात आली आणि जुने करार मोठ्या संख्येने संपुष्टात आणले गेले. ही स्वागतार्ह गोष्ट होती. पण २०२४ मध्ये अमलात आलेल्या संयुक्त अरब अमिरातींबरोबरच्या करारात ही मुदत तीन वर्षांवर आणण्यात आली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात हा नमुना अधिक गुंतवणूकदारस्नेही करण्याची घोषणा झाली. याच रत्नागिरी जिल्ह्यात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०१८ मध्ये सौदी अरेबियाच्या आणि अबू धाबीच्या तेल कंपन्यांनी समझोते केले होते. लोकांच्या विरोधापुढे नाणार मागे पडले आणि बारसूचे नाव पुढे आले. प्रकल्प येतील वा जातील. वाद उद्भवला तर तो कोणत्या दारात जाईल, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारलाच पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सार्वजनिक निधीची हमी असलेला प्रत्येक करार सहीपूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि विधिमंडळात त्यावर चर्चा व्हावी. गुंतवणूक संरक्षणाचे तह संसदेच्या मंजुरीविना अमलात येऊ नयेत. लवादाची सुनावणी उघड असावी आणि बाधित लोकांना तेथे म्हणणे मांडता यावे. शासनाने आपल्या सेवेत आंतरराष्ट्रीय कायद्याचे जाणकार कायमस्वरूपी घडवावेत, म्हणजे ऐन वेळी बाजारातून वकील शोधण्याची पाळी येणार नाही.

पण या मागण्यांमागे कार्यकर्त्याचा अभ्यास नसेल तर त्या कागदावरच राहतील. जमिनीचा भाव, नोकऱ्यांची संख्या, प्रदूषणाचे प्रमाण यांवर सभा होतात. त्याच सभेत करारनाम्याचे शेवटचे पानही वाचले गेले पाहिजे. १९९३ मध्ये ते कोकणात कोणी वाचले नाही, कारण ते कोणाला दाखविलेच गेले नाही. पुढचे पान लिहिले जाईल तेव्हा ते पाहिल्याशिवाय गावाने मान डोलावू नये, एवढे शहाणपण दाभोळच्या नावाने मिळाले तरी त्या नावाचे सार्थक झाले म्हणता येईल.