हॉटेलची चव घरी, पण कष्ट कोणाचे?

महिला मंडळात पाककृतींचा वर्ग ठेवला की हल्ली एकच फर्माईश, 'ताई, हॉटेलसारखा पनीर बटर मसाला शिकवा!' कायद्याच्या माहितीला दहाजणी येतात, याला सतरंजी पुरत नाही. यात हसण्यासारखं काही नाही. चौघांचं हॉटेलचं बिल बघितलं की डोळे पांढरे होतात, आणि मुलांना तर दर रविवारी तीच चव हवी. मग गृहिणीच म्हणते, जाऊ दे, घरीच करू.

चव जमवणं काही अशक्य नाही, मैत्रिणींनो. हॉटेलवाल्याचं गुपित मसाल्याच्या पाकिटात नसतं, सकाळच्या तयारीत असतं. कांदा, टोमॅटो, काजू किंवा मगज बी शिजवून, वाटून, गाळून पातेलंभर ग्रेव्ही तयार असते. ऑर्डर आली की त्यातली दोन डाव ग्रेव्ही, पनीर, लोणी, क्रीम आणि हातावर चोळलेली कसुरी मेथी. पाच मिनिटांत टेबलावर! लाल रंग बहुतेक काश्मिरी मिरचीचा. आपण मात्र पाहुणे दारात आल्यावर कांदा चिरायला बसतो. अशी ग्रेव्ही करून छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये ठेवता येते.

नानला तंदूर हवाच असंही नाही. नानच्या एका बाजूला पाणी लावून ती बाजू तापलेल्या लोखंडी तव्यावर चिकटवायची, वर फुगे आले की तवाच आचेवर उलटा धरायचा. (नॉनस्टिकवर नको गं बायांनो, नान थेट बर्नरवर पडेल.) फ्राइड राइसला आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला गार भात घ्यावा, तोही एका वेळी थोडाच. घरच्या शेगडीला हॉटेलच्या भट्टीची धग नसते. कढई भरली की भात परतला जात नाही, वाफवला जातो.

हे सगळं शिकवताना मला एक गोष्ट खटकत राहते. हॉटेलात चिरणारा वेगळा, रोट्या भाजणारा वेगळा, वाढणारा वेगळा, भांडी घासणारा वेगळा. घरी या चारही जागांवर एकच बाई! हॉटेलात जी सगळ्यांबरोबर बसून गरम नान खायची, ती आता तव्यापाशी उभी राहते आणि शेवटी पातेल्यातली उरलेली ग्रेव्ही पुसून घेते. पैसे घराचे वाचले, सुट्टी तिची गेली. २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, तर पुरुषांचा ९७. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात जेमतेम सव्वीस. त्यात आता रविवारचं 'घरचं हॉटेल'!

हॉटेल घरी आणायचं तर त्याचे कामगारही आणा की. ग्रेव्ही गाळणं, पनीर कापणं, ताटं उचलणं याला कुठली पदवी लागते?

पुढच्या महिन्यात आमचा वर्ग नानचा आहे. येताना प्रत्येकीने घरातला एक पुरुष बरोबर आणायचा आहे, तवा उलटा धरायला.