कोथिंबिरीसाठी गाडी

पुण्यात आमच्या घरापासून भाजीवाल्यांची रांग जेमतेम एक किलोमीटरवर. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी मी स्कूटर काढायचे. गेल्या महिन्यात आई राहायला आली आणि म्हणाली, "चल, चालत जाऊ. पाय मोकळे होतील."

वीस पावलांत फुटपाथ अडला. आधी विजेचा डीपी, त्याला खेटून लावलेल्या दुचाकी, मग बंगल्याच्या फाटकासाठी उतार, लगेच पुन्हा वीतभर उंच कड. दर चढउताराला आई माझा दंड घट्ट धरायची. तिसऱ्या कडेपाशी ती थांबली आणि सरळ रस्त्यावर उतरली. "इथूनच बरं," म्हणाली. मागून बस येत होती.

संध्याकाळी टेप घेऊन गेले. डीपीपाशी मोकळी जागा दोन फूटही भरेना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट वाट मोकळी हवी आणि उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको.

अडलेल्या फुटपाथचा हवेशी थेट संबंध आहे, कारण चालता आलं नाही की माणूस गाडी काढतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी स्कूटर भाजीच्या एका फेरीत नव्वदेक ग्रॅम सोडते, पंधरा देणारी मोटार तीनशेक ग्रॅम. थंड इंजिन तर जास्तच पेट्रोल पितं, त्यामुळे जवळच्या फेऱ्या किलोमीटरमागे सगळ्यात महागात पडतात. रोज एक फेरी धरली, तर माझ्या एकटीच्या स्कूटरचे वर्षाला तीसेक किलो होतात. आपल्या गल्लीत अशा स्कूटर किती, ते मोजून बघा.

पुणेकरांना चालायला आवडत नाही, हे मला पटत नाही. ११ डिसेंबर २०२१ला महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद ठेवला आणि तो दिवस 'पादचारी दिन' म्हणून साजरा केला. एरवी हॉर्नने भरलेल्या त्या रस्त्यावरून माणसं मुलांचा हात सोडून चालली. वाट मोकळी मिळाली की पाय आपोआप वळतात. पादचाऱ्यांसाठीचं धोरण शहराने २०१६मध्येच स्वीकारलं आहे. त्यातली मोकळी वाट एका दिवसापुरती, एका रस्त्यापुरती नको. ती प्रत्येक शाळेच्या, मंडईच्या, बसथांब्याच्या दारापर्यंत यायला हवी.

मी भाजीला आता चालत जाते. डीपीपाशी दुचाकी लावणाऱ्या शेजाऱ्यांशी बोलले, ते गाड्या आवारात लावू लागलेत. दोन फुटांचे साडेतीन झाले. कड उतरती करून मिळावी म्हणून सोसायटीतल्या अकरा जणांच्या सहीचा अर्ज दिला आहे.

दिवाळीला आई पुन्हा येणार आहे.