खिडकीतले दुकान, दारातले मूल

फिलिपाइन्समधील वस्त्यांत घराच्या दर्शनी खिडकीतच थाटलेली छोटी दुकाने जागोजागी दिसतात. ‘सारी-सारी’ म्हणजे नाना प्रकारचे. तेच या दुकानांचे नाव. बहुधा घरची आईच दुकान सांभाळते. शांपूची एक पुडी, थोडेसे खाद्यतेल असा सुटा माल ती विकते आणि ओळखीच्यांची उधारी वहीत टिपून ठेवते.

दुपारी दूरचित्रवाणीवर १९७९ साली सुरू झालेला ‘ईट बुलागा’सारखा करमणुकीचा कार्यक्रम लागला, की गिऱ्हाईकही खिडकीशी रेंगाळते. श्रमलेल्या आईलाही घटकाभर हसू येते. त्यात वावगे काहीच नाही.

पुढे मूल शाळेतून परतते. थोरांचा हात आपल्या कपाळाला टेकवून आशीर्वाद घेण्याची ‘मानो’ ही तिथली रीत. मूल वाकते, आई हात पुढे करते. पण नजर पडद्यावरच राहिली तर? कित्येक घरांतील पिता जहाजावर किंवा परदेशी नोकरीत असतो. मुलाच्या दिवसाची विचारपूस करणारी तेव्हा ती एकटीच असते.

वहीतील उधारी आज ना उद्या वसूल होते. मुलाचे न ऐकलेले बोलणे मात्र मागूनही परत मिळत नाही.