डीजे म्हणजे नुसती पेट्यांची भिंत नव्हे

‘डीजे’ हा शब्द कानावर पडला की आपल्या चिटगुप्प्याच्या माणसाला काय आठवते? ट्रॉलीवर रचलेली पेट्यांची भिंत, थरथरणारी तावदाने आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा छातीवर गेलेला हात. म्हणून मुंबईला नोकरीला असलेला मुलगा फोनवर ‘काल रात्री टेक्नो ऐकायला गेलो होतो’ म्हणाला, तेव्हा ओळखीच्या एका वहिनींच्या पोटात गोळाच आला. ‘हे काय असते हो?’ म्हणून त्यांनी विचारले. आजचा विषय त्यांचाच.

वाचकहो, मुंबईत या यंत्रसंगीताचे दोन संसार आहेत. एक मोठ्या मैदानातला, जाहिरातींचा. जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापालूझा’ झाला, तो त्यातला. दुसरा छोट्या खोल्यांतला. शंभर-दोनशे माणसे, मिणमिणता उजेड, बातमी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेलेली. यालाच ‘अंडरग्राउंड’ म्हणतात. तळघराशी त्याचा संबंध असतोच असे नाही. वाजवणारा एका गाण्याची लय दुसऱ्याशी जुळवत, सांधा कळू न देता तासन् तास पुढे नेतो. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात दत्तजयंतीच्या दरबारात रात्रभर गाणे ऐकलेल्यांना यात नवल वाटू नये. रात्र जागवणे आपल्याला नवे नाही.

आणि हे सगळे परदेशी म्हणावे, तर तेही खरे नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजितसिंग यांनी १९८२ साली मुंबईत भैरव, तोडी, यमन असे दहा राग जपानी रोलँड कंपनीच्या यंत्रांवर, यंत्राच्याच ठेक्यावर वाजवले. तबकडी विकली गेली नाही. पुढे काही वर्षांनी शिकागोच्या मुलांनी त्याच जातीच्या यंत्रांतून जे काढले, ते ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून जगभर गाजले. आपली तबकडी एका डच संग्राहकाच्या हाती लागली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली. चरणजितसिंग २०१५ साली वारले. उतारवयात का होईना, कौतुक त्यांच्या कानांवर पडले.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने या छोट्या खोल्या मिटल्या. आपल्याकडे लग्नाला पन्नास माणसांची अट आली आणि मंडप-साउंडवाल्यांच्या पेट्या घरात धूळ खात पडल्या, तशीच तिथली गत. काहींनी घरच्या टेबलावर यंत्रे मांडून इंटरनेटवर वाजवले. पण तो खर्जातला ठेका मोबाईलच्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरमधून येणार कसा? तो अंगाने ऐकायचा असतो.

महाराष्ट्रातले निर्बंध एप्रिल २०२२ मध्ये, ऐन गुढीपाडव्याला उठले. परदेशांची नियमित विमानेही मार्चअखेरपर्यंत बंदच होती. बाहेरचा मोठा कलाकार सहज येईना, म्हणून आपल्याच मुलामुलींना जागा मिळाली. या पुनरागमनात मला मोलाचे वाटते ते हेच.

मात्र एक गाठ सुटलेली नाही. जर्मनीच्या संसदेने मे २०२१ मध्ये, साथ चालू असतानाच, असे क्लब नाट्यगृहांप्रमाणे सांस्कृतिक जागा मानावेत असा ठराव केला. मार्च २०२४ मध्ये बर्लिनचा टेक्नो तिथल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. आपल्याकडे अशा खोलीचे भाडे बहुधा बारच्या गल्ल्यातूनच निघते. गाणे दारूच्या खांद्यावर बसून येते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोघांचा जीव घेतला, तेव्हा पबांवर कारवाई झाली आणि घरोघरच्या आईबापांची झोप उडाली. ती भीती खोटी म्हणता येत नाही. फक्त ती ठेक्याच्या माथी मारू नये.

वहिनींना मी म्हटले, ‘तिथे का गेलास’ असे विचारू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. काय ऐकलेस ते विचारा. आणि परत कसा आलास, हे जरूर विचारा. मुंबईत बार दीडला मिटतात, शेवटची लोकल त्याआधीच गेलेली असते आणि पहिली पहाटे चारच्या सुमारास. मधले अडीच तास तो कुठे होता, कोणाच्या गाडीत बसला आणि गाडी चालवणारा प्यायलेला होता का, एवढे आईला कळले पाहिजे.