नाव आणि जन्मतारीख

दिवाळीच्या अंकात गोडच लिहावं असा एक दंडक आहे. पण फराळाच्या ताटात चकलीलाही जागा असते, या हिशेबानं आजची गोष्ट सांगते.

आमच्या महाविद्यालयातून मराठी घेऊन बी. ए. झालेली एक मुलगी चार वर्षांपूर्वी पेढे घेऊन घरी आली. बाकीच्या मुली मला 'मॅडम' म्हणतात. ही एकटी 'बाई' म्हणते, म्हणून माझा तिच्यावर जरा अधिक जीव. तिचं नाव सांगत नाही. का, ते पुढं कळेलच.

"बाई, नोकरी लागली! पॉलिक्लिनिकमध्ये, प्रॅक्टिस कोऑर्डिनेटर!"

शब्द समजला नाही की आधी त्याचं भाषांतर करायचं, ही आम्हां मराठीच्या प्राध्यापकांची खोड. 'वैद्यकीय व्यवसाय-समन्वयक,' मी मनाशी म्हटलं, आणि तरीही काही बोध होईना. तेवढ्यात आईनं झोपाळ्यावरून विचारलं, "म्हणजे कंपाउंडर का ग?"

आईच्या लहानपणी दवाखान्यात कंपाउंडर हे डॉक्टरांच्या खालोखालचं दैवत होतं. लाल मिश्रणाची बाटली, तिच्यावर चिकटवलेली डोसांची कातरलेली पट्टी, आणि 'बाटली घरून आणलीत का?' हा ठरलेला प्रश्न. पुढं १९४८ साली फार्मसीचा कायदा झाला, तयार गोळ्या आल्या, आणि मिश्रणं करण्याचं काम हळूहळू औषधांच्या दुकानाकडे गेलं. पण कंपाउंडर आणखीही एक काम करी. कुणाला आधी आत सोडायचं, कुणाचे पैसे पुढच्या महिन्यावर ढकलायचे, कुणाला डॉक्टरांचं बोलणं पुन्हा एकदा समजावून सांगायचं, हे तोच पाही. ते काम आता या मुलीच्या टेबलावर आलं होतं. आई फारशी चुकली नव्हती.

खरं सांगायचं तर माझं तोंड उतरलं. हिनं एम. ए. करावं, आमच्यासारखं शिकवावं, असं माझ्या मनात. फोन उचलायला मराठीची पदवी कशाला हवी?

पहिल्या महिन्यातच तिनं मला तिचा दिवस ऐकवला. चार डॉक्टर, चौघांच्या वेळा चार तऱ्हांच्या. सकाळी आठला कुलूप उघडायचं, कालच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले का पाहायचं, ज्याची खेप चुकली त्याला फोन करायचा, ज्याचे टाके काढायचे त्याला आठवण द्यायची. कुणाला शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात पाठवायचं झालं, तर तिथली खाट, खर्चाचा अंदाज आणि विम्याचे कागद. आपल्याकडे मेडिक्लेम आला १९८६ साली. २००१ च्या नियमांनी विमा कंपनी आणि इस्पितळ यांच्या मधोमध टीपीए नावाचा मध्यस्थ बसला. आणि २०२४ साली विमा नियामकानं ठरवून दिलं, की कॅशलेस उपचाराच्या अर्जावर तासाभरात निर्णय द्यायचा आणि घरी सोडतानाची मंजुरी तीन तासांत.

"पण बाई," ती म्हणाली, "अर्जात रोगाचं नाव एक आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत दुसरंच असलं, तर तो तास सुरू तरी कुठून व्हायचा?"

एकदा तिनं एका आजींना रक्तातली साखर तपासण्यासाठी सांगितलं, 'सकाळी उपाशीपोटी या.' नेमकी एकादशी होती. आजी आल्या त्या साबुदाण्याची खिचडी आणि कॉफी घेऊन! "अग, उपासच आहे मला," म्हणाल्या. आता 'उपास' आणि 'उपाशी' यांतला फरक मी वर्गात कितीदा सांगितला असेल. पण त्यापायी एखाद्याची तपासणी फुकट जाते, हे मला कुठं ठाऊक? तेव्हापासून तिच्या टेबलावर तिच्या अक्षरातली पाटी आहे: 'रात्रीच्या जेवणानंतर रक्त देईपर्यंत पाण्याशिवाय काही घेऊ नये. चहा नाही. उपासाचंही नाही.' या पाटीला मी पैकीच्या पैकी गुण दिले. आणि नाइलाजानं मान्य केलं, की पदवी अगदीच वाया गेलेली नाही.

आता तिखटाकडे वळते.

नोकरीला वर्ष होत आलं असेल. दवाखान्यात दोन बायका येत. नाव तेच, आडनाव तेच. नवऱ्याच्या नावाचं अक्षर तेवढं निराळं. दोघींच्याही गाठींचे तुकडे तपासायला गेले होते. एका संध्याकाळी त्यांतल्या एकीचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी सांगितलं, "त्यांना उद्या सकाळी बोलवा, घरच्यांना घेऊन या म्हणावं." बाहेर वीस माणसं बसलेली, दुसरा फोन वाजत होता. आमच्या मुलीनं वहीत नाव पाहिलं, नंबर फिरवला आणि निरोप दिला.

निरोप दुसरीला गेला.

सकाळी त्या बाई नवऱ्याला आणि मुलाला घेऊन आल्या. डॉक्टरांनी कागद उघडला आणि चूक उमगली. यांची गाठ साधी होती. बाहेर आल्यावर नवरा संतापून बोलला, आणि त्याचं काही चुकलं नाही. ही मान खाली घालून उभी. त्या बाई मात्र बाकावर बसल्या, पेलाभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मग ती दुसरी कोण ग? तिला कोण सांगणार?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "तिला फोनवर 'घरच्यांना घेऊन या' म्हणू नकोस हो. त्या तीन शब्दांवर मी अख्खी रात्र काढलीय."

त्याच संध्याकाळी ही माझ्याकडे आली. हातात राजीनाम्याचा मसुदा. "बाई, शुद्धलेखन तेवढं तपासून द्या."

कबूल करते, मी लाल पेन हातात घेतलं. एम. ए. चे प्रवेश सुरू व्हायला महिनाच होता, आणि माझ्या मनासारखं आपोआप घडत होतं. पण मसुदा वाचता वाचता ती हकीगत सांगत होती. त्या बाईंचं बोलणं कानांवर पडलं आणि माझं पेन थांबलं.

"त्या दुसऱ्या बाईंना कळवलं का?" मी विचारलं.

"डॉक्टर स्वतः बोलले त्यांच्याशी. उद्या येणार आहेत. पुढच्या उपचारांचे आणि विम्याचे कागद मीच लावून देणार होते."

"मग आता कोण देणार?"

ती बरंच वेळ काही बोलली नाही. मग माझ्या हातातून कागद घेतला, त्याची घडी केली आणि पर्समध्ये ठेवला. त्या दुसऱ्या बाईंचे उपचार पुढं सात महिने चालले. त्यांच्या कार्डावरची प्रत्येक तारीख हिच्या हातची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ सालीच सांगून ठेवलं आहे, की रुग्णाची ओळख निदान दोन खुणांनी पटवावी. ऐकायला किती सोपं! पण आपल्याकडे जुन्या पिढीत निम्म्या मंडळींचा जन्म १ जूनचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली. आणि आमच्या पुण्यातल्या एखाद्या आजी सांगणार, 'पानशेतचा पूर आला तेव्हा मी रांगत होते!' १९६१ साल झालं, पण तारीख कुठून आणायची? म्हणून ही पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाईलचा नंबर अशा तिन्ही खुणा विचारते. रिपोर्टात काय आहे ते फोनवर सांगत नाही. आणि बातमी गंभीर असली, की फोन डॉक्टरांच्या हातात देते.

तुमच्या घरात एखादी मुलगी किंवा मुलगा या कामाकडे वळत असेल, तर नाक मुरडू नका. पुढं शिकायचं म्हटलं तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो. संगणक आणि हिशेब सहा महिन्यांत येतात. समोरचा माणूस घाबरला आहे हे ओळखून त्याच्याशी कसं बोलायचं, हे मात्र मुलांना घरातच ऐकून येतं.

गेल्या महिन्यात आईचे गुडघे दाखवायचे होते. मी ऐटीत फोन लावला. पलीकडून ओळखीचा आवाज आला, "रुग्णाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख?"

"अग, मी बोलतेय! आवाज नाही का ओळखलास?"

"ओळखला ना, बाई," ती म्हणाली. "जन्मतारीख?"

मी मुकाट्यानं सांगितली. १ जून.

"बरं," ती म्हणाली, "आता मोबाईलचा नंबर सांगा."