ग्लासभर पावडर म्हणजे जेवण नव्हे!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी धाकटी जाऊ आली होती. तिळगूळ पुढे केला तर हात मागे घेत म्हणाली, "नको हो ताई, माझा शेक चालू आहे." सकाळी एक ग्लास, रात्री एक ग्लास, फक्त दुपारी जेवण. दोन महिन्यांत आठ किलो वजन उतरलं होतं. सगळ्याजणींनी तोंडभरून कौतुक केलं. निघताना मात्र ती पायरीवर बसली ती उठेचना. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.४!

मैत्रिणींनो, वजन कमी करावंसं वाटण्यात चूक काहीच नाही. गुडघे कुरकुरतात, साखर वाढते, डॉक्टर रागावतात. त्यात ओळखीतलीच कुणी डबा घेऊन येते, स्वतःचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवते, आणि आपला विश्वास बसतो. माझं म्हणणं एवढंच, की जे जेवणाच्या जागी येतं, त्यानं जेवणाचं काम करायला हवं.

मी तिचा डबा मागवला आणि चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. एका वेळच्या पावडरीत ९० कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं. ती दुधातून घ्यायची, असंही लिहिलेलं. पण विकणारीनं सांगितलं होतं, "पाण्यातून घे, लवकर उतरशील."

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या कोडेक्स आयोगानं १९९१ मध्ये अशा पदार्थांसाठी मानक ठरवलं. एका जेवणाऐवजी घ्यायच्या पदार्थातून २०० ते ४०० कॅलरी मिळाव्यात. त्यातला किमान पाव हिस्सा प्रथिनांचा असावा, म्हणजे २०० कॅलरीमागे साडेबारा ग्रॅम. शिवाय लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं हीसुद्धा ठरलेल्या प्रमाणात हवीत. आता हिशेब करा. तीच पावडर मोठा ग्लासभर दुधात घेतली, तर कॅलरी आणि प्रथिनांपुरती तरी पास होते. पाण्यात घेतली, की सपशेल नापास.

दोन ग्लासांच्या १८० आणि दुपारच्या जेवणाच्या फार तर ६००. म्हणजे दिवसाच्या आठशेसुद्धा नाहीत! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सल्ल्यानुसार वजन उतरवतानाही आहार १००० कॅलरींच्या खाली जाऊ नये आणि आठवड्याला अर्धा किलो उतरणं सुरक्षित. ही दुप्पट वेगानं निघाली होती.

लोहाचं तर आणखी कठीण. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ जणींत रक्त कमी आढळलं. म्हणजे अंगानं भरलेली बाई रक्तानं रिकामी असू शकते. जावेचं हिमोग्लोबिन काही दोन महिन्यांतच एवढं उतरलं नसेल. ते आधीच कमी असणार, पण सुरू करण्यापूर्वी तपासलं कुणी?

"मग परदेशात शेकनं मधुमेह जातो म्हणतात, ते खोटं का?" असं कुणी विचारेल. खोटं नाही. ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींच्या शेक-सूपवर ठेवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह वर्षभरानं आटोक्यात आला होता, तोही औषधांशिवाय. पण त्या पाकिटात सगळी पोषणद्रव्यं मोजून घातलेली होती, मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी आधीच बंद केल्या होत्या आणि तपासणी नियमित होती. आपल्याकडे देखरेख कुणाची? डबा विकणारीची!

तेव्हा घ्यायचाच असेल, तर दिवसातलं एकच जेवण बदला. आधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड तपासा. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हातही लावू नका.

आणि एक सांगू? ज्वारीची एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, वाटीभर दही आणि वर लिंबू पिळलेली कोशिंबीर. साधारण ४०० कॅलरी, पंधराएक ग्रॅम प्रथिनं. हे जेवण आपल्याच चुलीवर होतं. आपण मात्र सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खातो आणि मग वजन वाढलं म्हणून तेही सोडतो.

जाऊ आता लोहाच्या गोळ्या घेते, संध्याकाळी चालायला जाते आणि दोन्ही वेळा पानावर बसते. वजन हळू उतरतंय. परवा म्हणाली, "ताई, जिना चढताना आता दम लागत नाही." मला तर हा आकडा काट्यावरच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.